पार्ट मागवलाय

सुट्ट्यांच्या दिवसांत लिफ्ट जास्त बंद पडतात, हे तात्यांचं आयुष्यभराचं निरीक्षण. चार माणसांसाठी केलेल्या लिफ्टमध्ये सुट्टीत सहा पाहुणे, त्यांच्या बॅगा आणि एखाद्या पोराची सायकल शिरते. "लिफ्ट बिचारी बोलत नाही, म्हणून लोक भरत राहतात," असं तात्या दरवर्षी पहिल्या जेवणाला म्हणत. ऐकणारे सगळे माना डोलवत आणि आणखी वाढायला वहिनीपुढे, म्हणजे तात्यांच्या थोरल्या सुनेपुढे, ताट करत.

यंदाचंही पहिलं जेवण रीतीप्रमाणे पार पडलं होतं. वर्षअखेरचा आठवडा सगळ्यांनी थोरल्याकडे काढायचा, हे सासूबाई गेल्या त्या वर्षी "सध्यापुरतं" ठरलं होतं. ते सध्या आता वाढून मतदानाच्या वयाचं झालं होतं. तात्या गावाहून येत, त्यांची मुलगी आक्का सासरहून. धाकटा दोन चौकांवर राहत असे, पण तोही त्या आठवड्यात बायकोला घेऊन राहायला येई. गादी मात्र आणत नसे.

तिसऱ्या दिवशी सकाळी आक्का पावाला लोणी लावत होती. वाईट बातमी सांगायची असली की आक्का नेहमी कशाला तरी काहीतरी लावायला घेई.

"वहिनी, एक सांगायचं राहूनच गेलं. आमचे दीर-जाऊ येतायत संध्याकाळी. दोन मुलं आहेत बरोबर. तीनच दिवस."

"इथे?" वहिनीने विचारलं.

"मग काय हॉटेलात? जागा काय गं, मनात असावी लागते."

मन वहिनीचं होतं आणि गाद्याही वहिनीच्याच होत्या. दोन्हींचा साठा आदल्या रात्रीच संपला होता.

"वन्सं, झोपणार कुठे ते?"

"आम्ही काय परके आहोत? खाली टाकू काहीतरी."

ते काहीतरी कोण शोधणार, कोण टाकणार आणि सकाळी कोण उचलणार, याचा उल्लेख करण्याची त्या घरात पद्धत नव्हती. दादा, म्हणजे घरातला थोरला, फोनवर होता. सुट्ट्या लागल्यापासून तो फोनवरच होता. लिफ्ट दुरुस्तीचा धंदा तात्यांनी काढला, दादाने वाढवला. आणि वर्षअखेरीला अर्ध्या शहराच्या लिफ्ट रुसत असल्याने दिवसभर त्याच्या तोंडी एकच वाक्य असे. "हो साहेब, पार्ट मागवलाय." पार्ट कुठला, कुणाकडून, कधी येणार, यातलं काही त्यालाही ठाऊक नसे. पण हे वाक्य ऐकलं की गिऱ्हाईक शांत होतं, असा दोन पिढ्यांचा अनुभव होता.

"वहिनी, तुमचा चेहरा बघा," धाकटी म्हणाली. ही धाकट्याची बायको. कचेऱ्यांमधून फिरून लोकांना ताणाशी मैत्री करायला शिकवणं हा तिचा व्यवसाय होता. "ताण बाहेर नसतोच मुळी. तो आत असतो."

"आत कुठे गं? आतल्या खोलीत तर भाऊजी झोपलेत."

"तसं नाही हो. श्वास घ्या. चार आकडे मोजून आत, चार मोजून बाहेर."

वहिनीने चार मोजले. चार पाहुणे, चार गाद्या, चार उशा, चार टॉवेल. एवढं मोजून झाल्यावर बाहेर सोडायला श्वास उरला नव्हता.

गेल्या महिन्यात डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की हृदयात काही नाही, पण ही धडधड बरी नव्हे, थोडं कमी करा. काय कमी करायचं हे त्यांनी सांगितलं नव्हतं. तिने घरी येऊन हे नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो "कर की कमी" असं म्हणाला होता आणि पुढच्याच श्वासात त्याने टेस्टर कुठे ठेवलाय ते विचारलं होतं. टेस्टर त्याच्याच खिशात होता.

दुपारी ती खाली गेली. कोपऱ्यावरून संत्री घेतली आणि रखवालदाराच्या खोलीतून त्याची घडीची खुर्ची मागून आणली, कारण टेबलाशी खुर्च्या कमी पडणार होत्या. संत्र्यांची पिशवी आणि खुर्ची घेऊन ती लिफ्टमध्ये शिरली. ही लिफ्ट तात्यांनी स्वतःच्या हातांनी बसवलेली. जुनी, जाळीच्या दाराची, लाकडी फळ्यांची. घर सहाव्या मजल्यावर. पाचवा मजला मागे पडला आणि वरून आवाज आला.

"वहिनी कुठंय? अरे, वहिनीला कुणी पाहिलंय का? टॉवेल कुठले घ्यायचे?"

बटणांच्या पाटीवर खाली एक लाल खटका होता. तो दाबला की लिफ्ट जिथे असेल तिथे थांबायची. वहिनीचा हात तिकडे गेला. का गेला, हे तिला नंतरही सांगता आलं नसतं. दिवाणखान्यातून उठताना दिवा बंद करावा, इतक्या सहज तो गेला.

लिफ्ट थांबली. पाचव्या आणि सहाव्याच्या मधोमध.

सकाळपासून छातीत, बिघडलेल्या स्विचमध्ये व्हावी तशी, तडतड चालू होती. वहिनीने घडीची खुर्ची उघडली, बसली, एक चप्पल काढली. थोड्या वेळाने दुसरी काढली. मग एक संत्रं सोलायला घेतलं.

वर घरात तिघांनी एकदम मान वर केली. तात्या, दादा आणि धाकटा. त्या घरात पाहुण्याचा आवाज एखादे वेळी ऐकू येत नसे, पण लिफ्टचा आवाज थांबलेला सगळ्यांना ऐकू येई.

"लिफ्ट थांबली," तिघेही म्हणाले.

"मग माझे दीर-जाऊ वर कसे येणार?" आक्का म्हणाली.

आत कोण आहे, हे जिन्यात जाऊन पाहिल्यावर कळलं. सहाव्या मजल्याच्या जाळीपाशी पालथं पडलं तर लिफ्टच्या वरच्या फटीतून वहिनीचा भांग दिसत होता. पाचव्या मजल्यावर उभं राहून मान वर केली तर तिचे पाय. मधली वहिनी, आणि तिच्या बरोबरीने लाल खटका, दोन्हीकडून दिसत नव्हता.

"वहिनी, घाबरू नकोस," धाकटा भांगाला उद्देशून म्हणाला. "आम्ही दोघं आहोत. दोन मिनिटांत काढतो."

"सावकाश काढा, भाऊजी," आतून आवाज आला.

लिफ्टमध्ये अडकलेलं माणूस असं बोलत नाही, हे धाकट्याच्या लक्षात यायला हवं होतं. पण तो धंद्यातून बाहेर पडून बरीच वर्षं झाली होती. तो मॉलमधल्या सरकत्या जिन्यांच्या कंपनीत गेला होता, आणि "धाकटा जिन्यांकडे गेला" हे घरात असं बोललं जाई की ऐकणाऱ्याने क्षणभर दुखवटाच पाळावा. वर त्याने फ्लॅटही तळमजल्यावर घेतला होता. ते तात्यांनी मनाला फार लावून घेतलं होतं.

दोघे भाऊ गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत गेले. दादाने फ्यूज पाहिले. ठीक. वायंडिंग पाहिलं, ब्रेक पाहिला. ठीक. धाकट्याने तेच सगळं पुन्हा पाहिलं, कारण दादाने पाहिलेलं त्याला कधीच पटत नसे.

"दादा, मेंटेनन्स कधी केलास शेवटचा?"

"घरचीच लिफ्ट आहे. रोज बसतो तिच्यात."

"म्हणजे केला नाहीस."

"तू तुझे जिने बघ. पायरीत पदर अडकला की कुणाला बोलावता रे तुम्ही? शिंप्याला?"

"जिना बंद पडला तर निदान माणूस चालत वर तरी जातो."

दादाच्या मनात आता वेगळीच पाल चुकचुकली होती. लाल खटका. दोन वर्षांपूर्वी कुठल्याशा पाहुण्यांच्या पोरांनी तो दाबून खेळ मांडला, तेव्हा तात्यांनी त्याची तार सोडवून टाकायला सांगितलं होतं. दादाने संध्याकाळी "सोडवली" म्हणून सांगितलं. खटका आता नुसता शोभेचा राहिला, असं घर धरून चाललं होतं. तारेला मात्र अजून कुणाचा हात लागला नव्हता. सगळ्या शहराच्या तारा सोडवून थकलेला माणूस घरची तार कधी सोडवणार?

म्हणजे लिफ्ट बिघडलेली नव्हती. लिफ्ट थांबवलेली होती. आणि हे बोलून दाखवायचं तर आधी बायको कटात सापडत होती, आणि लगोलग तो स्वतः.

"पुन्हा एकदा फ्यूज बघू," दादा म्हणाला.

पाचव्या मजल्यावर आक्का पायांशी बोलत होती.

"वहिनी, टॉवेल कुठले घेऊ ते तरी सांग."

"कपाटातले."

"कपाटात दोनच आहेत."

"मग दोनच घ्या, वन्सं."

आक्काला हे उत्तर नीट उमगलं नाही. या घरात दोनाचे चार करण्याचं काम वहिनीकडे होतं. ती विचार करत उभी असतानाच वरून काहीतरी तिच्या खांद्यावर पडलं. तिने उचलून पाहिलं. संत्र्याची साल.

"तू संत्रं खातेयस?"

"हो."

"अडकलेलं माणूस संत्रं खातं का?"

"माझी पहिलीच वेळ आहे, वन्सं. रीत माहीत नाही. तुम्हाला एखादी फोड देऊ का खाली?"

आक्काने पायांकडे निरखून पाहिलं. अनवाणी होते. एकावर एक टाकलेले होते आणि वरचा हलत होता. इतक्या वर्षांत वहिनीचे पाय तिने उभेच पाहिले होते. आक्का दुष्ट नव्हती. तिच्या सासरी तिला कुणी विचारत नसे, आणि माहेरी मात्र आपल्या एका शब्दावर गाद्या अंथरल्या जातात, हे दीर-जावेला एकदा दाखवायची तिची फार इच्छा होती. त्यासाठी गाद्या तिच्या नसल्या तरी तिला चालणार होतं. आता टॅक्सी कुठल्याही क्षणी येणार होती आणि माहेर मधल्यामध्ये लोंबकळत होतं.

"अगं, ते आता येतील. मी त्यांना काय सांगू?"

"मला जमणार नाही, वन्सं."

लिफ्टच्या पोकळीत आवाज नीट येत नसावा असं वाटून आक्काने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच आलं.

सहाव्या मजल्यावर धाकटीने गुडघे टेकले होते. "वहिनी, डोळे मिटा. तुम्ही एका शांत जागी आहात अशी कल्पना करा."

"कल्पना कशाला? आहेच की. तू गप्प राहिलीस की होते."

धाकटी गप्प बसली. शिबिरांत लोक असं मनात म्हणत असावेत, अशी शंका तिला पूर्वी एकदोनदा आली होती.

इतक्यात तात्या काठी टेकत जाळीपाशी आले. कंबर दुखत असल्यामुळे त्यांना स्वतःचे मोजे घालता येत नव्हते. पण कुणी अडकलं म्हटल्यावर ते घरात बसून राहणं शक्य नव्हतं. "आधी अडकलेल्या माणसाशी बोलायचं, मग हत्याराला हात लावायचा," हा त्यांनी धंद्यात घातलेला पहिला नियम. दोन्ही पोरं तो नियम ओलांडून थेट गच्चीवर गेली होती.

सकाळी तात्यांनी तिला फ्रिज उघडून, आत डोकं घालून उभी राहिलेली पाहिलं होतं. लोणी शोधत असेल, असं त्यांना वाटलं होतं. आता जाळीला धरून उभं राहिल्यावर त्यांना आठवलं की लोणी त्या वेळी टेबलावर होतं. आक्काच्या हाताशी.

त्यांनी घसा साफ केला.

"आत कोण आहे?"

"मी आहे, तात्या."

"ठाऊक आहे. पद्धत आहे म्हणून विचारलं. कुठे लागलंय का?"

"नाही."

"घाबरल्यासारखं वाटतंय?"

"नाही."

"श्वासाला त्रास?"

"होत होता. आता बरं आहे."

"कधीपासून होत होता?"

"परवा सगळे आलात तेव्हापासून," वहिनी म्हणाली. "खरं तर, तुम्ही येणार हे ठरलं तेव्हापासून. सुट्ट्या जवळ आल्या की माझ्या हातातून भांडी पडायला लागतात, तात्या. गेल्या वर्षी तुम्ही गेलात आणि मी चार दिवस तापाने पडले. त्याच्या आदल्या वर्षीही. घसरून पाय मुरगळलाय, असं तुम्हाला कळवलं होतं. पाय नव्हता मुरगळला."

दादा नुकताच गच्चीवरून उतरला होता, तो वरच्या पायरीवरच थांबला. ताप त्याला आठवत होता. तापात तिने केलेला स्वयंपाकही आठवत होता.

तात्यांनी नियमातला शेवटचा प्रश्न विचारला. हा त्यांनी मागाहून घातलेला होता, कारण आतल्या माणसाला औषध घ्यायचंय की गाडी गाठायचीय, ते यातूनच कळत असे.

"सूनबाई, बाहेर यायची घाई आहे का?"

वहिनीने प्रामाणिकपणे विचार केला. तो प्रश्न तिला त्या घरात, कुठल्याही संदर्भात, प्रथमच विचारला जात होता.

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही."

खाली टॅक्सीची दारं वाजली. मग बॅगा उतरल्याचा आवाज, मुलांचा आवाज आणि एक जाड पुरुषी आवाज: "हे काय, लिफ्ट बंद?"

आक्का पाचव्यावरून धावत वर आली. "आले ते. दादा, कर ना काहीतरी. बिघडलंय तरी काय?"

सगळे दादाकडे बघायला लागले. धाकटाही त्याच्या मागोमाग गच्चीवरून उतरून आला होता, हात पुशीत. दादाने जाळीच्या फटीतून खाली पाहिलं. भांग दिसला. तो इतका पांढरा केव्हा झाला, हे त्याला कळेना. घरातला उजेड कमी पडत असावा.

"पार्ट गेलाय," दादा म्हणाला.

"कुठला पार्ट?" आक्काने विचारलं.

"मोठा आहे. मागवावा लागेल."

धाकट्याने तोंड उघडलं. मशीन त्याने स्वतः पाहिलं होतं, नवरीसारखं ठाकठीक होतं. शिवाय "पार्ट मागवलाय" म्हणजे काय, हे त्यालाही बाळकडूतून मिळालं होतं. आणि सहा मजले चढणं शक्य नसलेली मंडळी अशा वेळी तळमजल्यावरचा फ्लॅट कुणाचा आहे ते शोधतात, हेही त्याला आता दिसू लागलं होतं.

"एक मिनिट, मी आत्ताच सगळं बघितलंय, आणि—"

"तू जिन्यांतला," तात्या म्हणाले. "लिफ्टच्या बाबतीत तू बोलू नयेस."

आपण लिफ्टवाले नाही, या ज्या एका गोष्टीसाठी धाकट्याने घरच्यांशी इतकी वर्षं भांडण केलं, तीच नेमकी आत्ता त्यांनी मान्य केली होती.

"किती दिवस लागतील?" आक्का रडकुंडीला आली होती.

"सुट्ट्यांत पार्ट मिळत नाही," तात्या म्हणाले. "सुट्ट्या संपल्यावरच."

"आणि दिरांचा गुडघा? ऑपरेशन झालंय त्यांचं. सहा मजले?"

"छे छे, चढायचं नाही. गुडघ्याशी खेळू नये," तात्या म्हणाले. मग त्यांनी धाकटीकडे इतक्या मायेने पाहिलं की ती उठून उभी राहिली. "तुमचं घर तळमजल्यावर आहे ना गं?"

धाकटीने नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने मशीनच्या खोलीकडे पाहिलं. "पण आमच्याकडे गाद्याच नाहीत," ती म्हणाली.

"इथल्या घेऊन जा," लिफ्टमधून आवाज आला. "सगळ्या."

त्यानंतर तासभर जिन्यात गाद्या उतरत होत्या. आक्काने दोन टॉवेल घेतले आणि पायऱ्या उतरताना एकदा थांबून लिफ्टच्या फटीपाशी तोंड नेलं. "वहिनी, रागावलीस?"

"नाही. दमले, वन्सं."

"मग बोलायचं ना आधी."

"आता बोलले ना. संत्री घेऊन जा मुलांना."

पिशवी फटीतून खाली आली. आक्काने ती झेलली आणि दीर-जावेला माहेर दाखवायला खाली निघाली. धाकट्याचा फ्लॅटसुद्धा शेवटी माहेरच होता. असं वर्णन तिने तोपर्यंत कधी करून पाहिलं नव्हतं, पण तिसऱ्या मजल्यापर्यंत तिला ते जमायला लागलं.

जिना रिकामा झाल्यावर दादा जाळीपाशी उकिडवा बसला.

"खटका वर कर. लिफ्ट येईल."

"माहितीय."

"मग करतेस का?"

"थोड्या वेळाने."

दादा तसाच बसून राहिला. खिशातला फोन वाजला. त्याने पाहिला आणि बंद करून टाकला. आपण हे पहिल्यांदा केलं, हे त्याच्या लक्षात आलं. आपण बंद केला तर जगात काही थांबतं का, हे बघायला तो क्षणभर कान देऊन राहिला. काही थांबलं नाही.

"डॉक्टर काय म्हणाले होते तुला?" त्याने विचारलं.

"सांगितलं होतं की."

"पुन्हा सांग."

तिने सांगितलं. या वेळी त्याने टेस्टर शोधला नाही.

तात्या दाराशी उभे होते. दादा उठून जवळ आला, तेव्हा ते हळूच म्हणाले, "तार सोडवली, असं सांगितलं होतंस मला."

दादाने मान खाली घातली. "उद्या सोडवतो."

"हात लावलास तर बघ," तात्या म्हणाले. मग काठी टेकत आत गेले आणि, या घरात पहिल्यांदाच, स्वतःचा चहा स्वतः करायला लागले. साखर कुठे आहे, असं त्यांनी तिथून तीनदा ओरडून विचारलं. कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी त्यांना ती सापडली. साखर असं लिहिलेल्या डब्यात होती.

रात्री वहिनीचा फोन वाजला तेव्हा घरात इतकी शांतता होती की ती दचकली. लिफ्ट सहाव्या मजल्यावर उभी होती, दारावर "बंद" अशी पाटी. रखवालदाराची खुर्ची आता खिडकीपाशी होती आणि खुर्चीत वहिनी. फोनवर पलीकडे धाकटी होती. मागे मुलं किंचाळत होती. कुणीतरी गरम पाण्याचं विचारत होतं. आक्का "अगं, गाद्या कुठे टाकू?" म्हणत होती, आणि काहीतरी काचेचं फुटलं होतं.

"वहिनी," धाकटीचा आवाज पार वर चढला होता. "लिफ्ट सुरू झाली का हो?"

वहिनीने राखून ठेवलेलं शेवटचं संत्रं हातात घेतलं.

"श्वास घे बघू," ती म्हणाली. "चार मोजून आत, चार मोजून बाहेर. पार्ट मागवलाय."